वस्तीची भिंत स्वयंसेवकांच्या हातांनी रंगवायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: वस्तीतल्या पंचवीसएक जणांना रस्त्यालगतची साधारण ३० मीटर लांब आणि ३ मीटर उंच भिंत मिळून रंगवायची आहे. त्यांच्यातली एकच मुलगी चित्रकला शिकते आहे, बाकीच्यांना ब्रशची सवय नाही. रंग टिकला पाहिजे, वाद होता कामा नयेत आणि सुरुवात कुठून करायची ते हवं आहे.

मी बरीच वर्षं अशाच भिंतींवर, अशाच गटांबरोबर काम करतो आहे. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच बेतलेलं आहे. तुमच्याकडे जे हात आहेत ते बघून चित्र ठरवा. बहुतेक गट नेमके उलट करतात. एखाद्या चांगल्या चित्रकाराकडून देखणा आराखडा करून घेतात आणि मग त्यात पंचवीस माणसांना काम कुठे द्यायचं ते शोधत बसतात. पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. दोघं-तिघं परांचीवर राबतात, बाकीचे खाली उभे राहून फोटो काढतात आणि पुढच्या रविवारी येत नाहीत. चित्र चांगलं होतंही, पण वस्तीने रंगवलेली भिंत ती नव्हे.

चित्राच्या आधी भिंत. तिच्यासमोर राहणारा किंवा रोज तिथे बसणारा माणूस गाठा. अशा एका भिंतीसमोर एक आजोबा रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे. आम्ही मोजमापं घेत होतो तेव्हा त्यांनी काठीने वरचा कोपरा दाखवला: "तिथून पाणी उतरतं, वरची पन्हळ फुटली आहे." त्या दिवशी भिंत कोरडी ठणठणीत होती, आम्हाला काहीच दिसलं नसतं. पन्हळ दुरुस्त होईपर्यंत आम्ही ब्रश हातात घेतला नाही. भिंतीचा रंग बाहेरच्या पावसाने सहसा जात नाही, आतून येणाऱ्या पाण्याने जातो. मागच्या बाजूला मातीची भर आहे का, नळ किंवा गटार आहे का, भिंतीच्या माथ्यावरून पाणी आत मुरतं का, हे तीन प्रश्न आधी सोडवा.

ओल तपासायची साधी रीत आहे. साधारण ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडा टेपने घट्ट बंद करून भिंतीवर चिकटवा आणि दिवसभर, रात्रभर तसाच राहू द्या. काढल्यावर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा खालचा गिलावा काळपट झालेला दिसला, तर पाणी भिंतीतूनच येतं आहे. एकाच जागी बघून थांबू नका. जमिनीलगत, मध्यावर आणि माथ्याजवळ, तिन्हीकडे बघा. जमिनीलगत ओल आणि वर कोरडं असेल तर पाणी पायातून चढतं आहे, आणि त्यावर कुठलाही महागडा प्राइमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर, उपाय नाही.

पांढरी पूड धरलेली दिसली तर तो लोणा. तो पाण्याने धुऊ नका, कारण क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा, पुन्हा येतो का ते काही आठवडे बघा आणि येत असेल तर पाण्याचा उगम शोधा. जुने पोपडे पत्र्याने खरवडा, हलका गिलावा ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तेवढा भाग फोडून नव्याने भरावा लागेल. नवा गिलावा किमान चार आठवडे तरी मुरू द्या. ताज्या सिमेंटमध्ये अल्कली, म्हणजे चुन्यासारखा दाहक अंश, भरपूर असते आणि ती रंगाला खाते. म्हणूनच सिमेंटच्या भिंतीवर ऑइलपेंट लावू नका. अल्कलीमुळे त्यातल्या तेलाचा साबण होतो, थर चिकट होऊन सुटतो, शिवाय तो भिंतीला श्वासही घेऊ देत नाही. बाहेरच्या भिंतींसाठी मिळणारा अल्कली सोसणारा प्राइमर आणि त्यावर शंभर टक्के अॅक्रिलिक इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा रंग, एवढं पुरतं.

इथे एक इशारा देतो. भिंतीवर फार जुने रंगाचे थर असतील तर त्यात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासायचा नाही, तपासून घ्यायचा, आणि खरवडण्याच्या दिवशी लहान मुलांना भिंतीजवळ येऊ द्यायचं नाही. उत्साहाच्या भरात सगळे मिळून घासू, असं ठरतं. हे काम मात्र मास्क घातलेल्या मोजक्या मोठ्या माणसांनीच, भिंत ओली ठेवून करायचं आहे.

आता माणसं. परवानगी मालकाकडून लेखी घ्या, आणि ती नुसती "रंगवायला हरकत नाही" एवढीच नको. किती वर्षं चित्र राहील, भिंत दुरुस्त करायची किंवा पाडायची वेळ आली तर किती दिवस आधी कळवायचं, रंग खराब झाला तर दुरुस्ती कुणाची आणि चित्राचे हक्क कुणाचे, हे चार मुद्दे एका पानावर लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या. हे शब्द कोरडे वाटतात, पण त्यांच्या अभावी मोठे खटले उभे राहिले आहेत. न्यूयॉर्कमधल्या फाइव्हपॉइंट्झ इमारतीवरची भित्तिचित्रं मालकाने २०१३ मध्ये पांढरा रंग फासून झाकली. २०१८ मध्ये न्यायालयाने ४५ चित्रांपोटी ६७.५ लाख डॉलर भरपाई ठरवली. दिल्लीत विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला, भरपाई दिली आणि उरलेले अवशेष त्यांना परत करायला सांगितलं. तुमची भिंत त्या तोलाची नसेल, तरी चित्र कुणाचं हा प्रश्न तिथेही तोच आहे.

भिंतीच्या समोर आणि बाजूला राहणारे लोक कागदावर कुठेच नसतात, पण चित्र रोज बघायचं त्यांना आहे. त्यांच्याकडे जाऊन "तुम्हाला कुठलं चित्र हवं?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं येतं: झाडं, पक्षी, हात धरलेली मुलं. कुणाचीही कुठेही चालतील अशी चित्रं. त्याऐवजी "या भिंतीपाशी पूर्वी काय होतं? इथे कोण थांबतं? रात्री इथून जाताना काय वाटतं?" असं विचारा. मग खऱ्या गोष्टी निघतात. बुजलेली विहीर, बंद पडलेला कारखाना, दिवा नसलेला कोपरा. आराखड्याला लागणारा माल हाच. मुलं, दुकानदार, रात्रपाळीहून परतणारे, घरकामाला येणाऱ्या बाया, या सगळ्यांशी वेगवेगळ्या वेळी बोला. सभेला येतात तेवढीच वस्ती असं धरून चाललात तर रंग लागल्यावर पहिली तक्रार न आलेल्यांकडून येते आणि तोवर उशीर झालेला असतो.

निर्णय कसा होणार हे मात्र आधीच ठरवा आणि सगळ्यांना सांगा. सूचना सगळ्यांच्या, दोन-तीन मसुदे चित्रकार मुलीचे, निवड पाच-सहा जणांच्या गटाची आणि ठरलेल्या तारखेनंतर आराखड्यात बदल नाही. सगळ्यांच्या सगळ्या सूचना एका चित्रात कोंबल्या की रस्त्यावरून जाणाऱ्याला तिथे नुसती गर्दी दिसते. माझं मत स्पष्ट आहे: एक कल्पना धरा आणि ती ३० मीटर खेचा. हयात व्यक्तींचे चेहरे, नेत्यांची चित्रं, पक्षांचे किंवा पंथांचे रंग, देणगीदारांची मोठी नावं टाळा. मतभेदातून तडजोड निघते. एखाद्याचा चेहरा भिंतीवर आला की तडजोडीला जागा उरत नाही.

ही पद्धत काही माझी नाही. शिकागोमध्ये १९६७ साली कृष्णवर्णीय कलाकारांच्या एका गटाने 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' रंगवली. त्या वस्तीतल्या लोकांशी बोलत, त्यांच्या नजरेसमोर. पुढे इतर शहरांमध्ये वस्तीच्या भित्तिचित्रांची जी लाट आली तिच्या मुळाशी ही भिंत होती. काही वर्षांनी आग लागून ती इमारत पाडली गेली. लॉस एंजेलिसमध्ये चित्रकार जुडिथ बाका यांनी १९७६ पासून पूर नियंत्रणाच्या कालव्याच्या भिंतीवर शहराचा वगळलेला इतिहास रंगवायला घेतला. जवळजवळ अर्धा मैल लांबीचं हे काम चारशेहून जास्त तरुण आणि त्यांच्या कुटुंबीयांनी मिळून, १९८३ पर्यंतच्या पाच उन्हाळ्यांत केलं. एकेका उन्हाळ्यात एकेक तुकडा. तुमच्या ३० मीटरलाही हे लागू पडतं. एका शनिवार-रविवारी सगळं उरकण्याचा हट्ट धरू नका. भिंतीचे तीन भाग करा. पहिला भाग पूर्ण, नीट, कडा-किनाऱ्यासह करा. तो बघून नवीन माणसं येतात आणि दुसऱ्या भागाला हात वाढतात.

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे, म्हणजे हातांना जमेल असा आराखडा. न सरावलेल्या हातांना जमतं ते असं: मोठे सपाट आकार, ठसठशीत कडा, एका आकारात एकच रंग. न जमणारं ते असं: रंग एकमेकांत विरघळवणं, चेहरे, बारीक अक्षरं, लांब सरळ रेषा. म्हणून आराखड्यातला बहुतेक भाग सपाट आकारांचा ठेवा आणि चेहरे, हात, अक्षरं अशा अवघड जागा मोजक्या, दोन-तीन ठिकाणीच येऊ द्या. त्या तुमच्यातल्या चित्रकला शिकणाऱ्या मुलीसाठी. सपाट आकार म्हणजे बालिश चित्र असं मुळीच नाही. जवळजवळ असलेल्या सात-आठ छटा नीट निवडल्या तर लांबून त्यात प्रकाश आणि खोली दोन्ही दिसतात. हे छटा निवडण्याचं काम चित्रकाराचं, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्यायला सांगा.

भिंत कुणी कुठून बघणार आहे तेही धरा. गाडीतून जाणाऱ्याला दोन-तीन सेकंद मिळतात, त्याच्यासाठी मोठे आकार. पायी जाणाऱ्यासाठी डोळ्यांच्या उंचीवर छोट्या गोष्टी: एखादं मांजर, एखादी किल्ली, जी पहिल्यांदा दिसत नाही. अगदी तळाचा अर्धा मीटर चिखल आणि चाकांचे शिंतोडे घेणारच आहे. तिथे गडद, साधी पट्टी ठेवली तर दरवर्षी तेवढीच पुन्हा रंगवता येते.

आराखडा भिंतीवर नेण्यासाठी चौकोनांची रीत उत्तम. चित्र एकास दहा प्रमाणात काढा, म्हणजे कागद ३ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर उंच. कागदावरचा १० सेंटिमीटरचा चौकोन भिंतीवर एक मीटरचा होतो. एकूण ९० चौकोन. पंचवीस जणांत ते वाटले तर प्रत्येकाला तीन-चार येतात, आणि एक मीटरच्या चौकोनात कुठली रेष कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते हे बघत कुणीही बऱ्यापैकी काढू शकतो. भिंतीवर खडूची दोरी ताणून झटकली की सरळ रेषा उठतात. त्या पुसायला सोप्या असतात. भिंत खडबडीत किंवा वेडीवाकडी असेल तर दुसरी युक्ती आहे. भिंतभर खडूने वाटेल तशा खुणा, आकडे, गोल, फुल्या काढायच्या, समोरून फोटो घ्यायचा आणि फोनवर त्या फोटोवर आराखडा पारदर्शक करून ठेवायचा. मग "डोळा त्या फुलीच्या जरा डावीकडे" असं बघत काढता येतं, मोजपट्टी लागत नाही. प्रोजेक्टर फक्त रात्री आणि फक्त समोर मोकळी जागा असेल तरच.

रेषा झाल्या की एक संध्याकाळ चित्रकार आणि दोन मदतनिसांनी भिंतीपाशी घालवायची आणि प्रत्येक आकारात रंगाचा क्रमांक लिहायचा. मी यावर अडून बसतो. क्रमांकाशेजारी त्याच रंगाचा बोटभर ठिपका द्यायचा, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळतं. तेच क्रमांक झाकणाच्या डब्यांवर, झाकणावर आणि डब्याच्या अंगावर, दोन्हीकडे. झाकणं अदलाबदल होतातच. रंग आधीच मिसळून, पुरेसा करून ठेवायचा. एका आकाराच्या मध्यावर रंग संपला आणि पुन्हा मिसळला तर तीच छटा कधीच जमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी येणारी आठ वर्षांची मुलगी "माझा सात नंबर" म्हणत डबा घेते आणि कुणाला काही न विचारता काम सुरू करते. तिला सांगायचं एवढंच: आधी आकाराच्या आतल्या बाजूने कड रंगव, मग मधलं भर, ब्रश अर्धाच बुडव आणि डब्याच्या काठाला पुस. कड थोडी बाहेर गेली तरी हरकत नाही, शेजारचा रंग तिच्यावरून येणार आहे. म्हणून फिके रंग आधी आणि गडद नंतर असा क्रम ठेवला की दुरुस्त्या आपोआप होत जातात.

ज्यांना भिंतीपर्यंत येता येत नाही त्यांच्यासाठीही मार्ग आहे. फिलाडेल्फियात १९८४ मध्ये भिंती विद्रूप करण्याविरुद्धच्या मोहिमेतून जेन गोल्डन यांच्या पुढाकाराने भित्तिचित्रांचं काम उभं राहिलं. तिथे चित्राचे तुकडे पातळ, न विणलेल्या कापडावर क्रमांकानुसार घरात, शाळेत, रुग्णालयात, तुरुंगात रंगवून घेतात आणि नंतर अॅक्रिलिक जेलने भिंतीवर चिकटवतात. वृद्धाश्रमातली आजी किंवा अंथरुणाला खिळलेला मुलगाही त्या भिंतीचा भागीदार होतो. तुमच्या भिंतीचा एखादा भाग असा करून बघा. मात्र कापड चिकटवताना त्याच्याखाली हवेचा फुगा राहू देऊ नका आणि कडा जेलने पूर्ण बंद करा, नाहीतर पाणी तिथूनच शिरतं.

साहित्याचा हिशेब सोपा आहे. ९० चौरस मीटर भिंत. खडबडीत गिलाव्यावर एका लिटरमध्ये साधारण ८ चौरस मीटरवर एक हात होतो, गुळगुळीत भिंतीवर १० ते १२. प्राइमरचा एक हात म्हणजे ११ ते १२ लिटर, रंगाचे दोन हात म्हणजे २२ ते २३ लिटर, वर पंधरा टक्के वाया जाण्यासाठी. पैसे कमी असतील तर रंगांची संख्या कमी करा, दर्जा नको. उन्हात कोण टिकतं ते रंगद्रव्यावर ठरतं. लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनणारे गेरू, पिवडी, विटकरी हे रंग दशकानुदशकं टिकतात. थॅलो निळा आणि हिरवाही टिकाऊ. भडक लाल, गुलाबी, जांभळा आणि झगझगीत पिवळा यांच्यातले स्वस्त प्रकार लवकर विटतात, आणि पांढरा मिसळून फिके केले की आणखी लवकर. फ्लुरोसंट रंग बाहेरच्या भिंतीवर वापरूच नका. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीवर भडक लाल रंगावर सगळं चित्र तोलू नका. तो गेला की चित्राचा कणा जातो.

रंगवण्याची वेळ सावलीबरोबर सरकवा. ऊन तापलेल्या भिंतीवर ब्रश ओढला की रंग लागता लागताच सुकतो आणि पट्टे उठतात. १० अंश सेल्सियसच्या खाली अॅक्रिलिकचा थर नीट जमत नाही, आणि हवेत दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी सुट्टी घ्या.

परांचीबद्दल तडजोड नको. जमिनीवरून हात पोहोचतो तेवढा पट्टा सगळ्यांसाठी, त्यावरचा फक्त सराव असलेल्या, ठरलेल्या मोठ्या माणसांसाठी. शिडीवर उभं राहून एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने ब्रश हा प्रकार बंदच. रस्त्याच्या बाजूला अडथळे लावा आणि एक माणूस फक्त वाहनांवर लक्ष ठेवायला ठेवा, त्याच्या हातात ब्रश द्यायचा नाही. ब्रश धुतलेलं पाणी पावसाच्या गटारात जाऊ देऊ नका. तीन बादल्या ठेवा: पहिलीत मळ जातो, दुसरीत उरलासुरला, तिसरी स्वच्छ. पहिलीतला गाळ बसू द्या आणि सुकवून कचऱ्यात टाका.

तुमच्या त्या विद्यार्थिनीबद्दल बोलायलाच हवं, कारण गट तिला गृहीत धरतात. बाकीचे रविवारी दोन तास येतील. तिच्याकडे आराखडे, छटा, क्रमांक, चेहरे, दुरुस्त्या आणि इतरांना शिकवणं, असं काही आठवड्यांचं काम आहे. जमवलेल्या पैशांत तिचं मानधन रंगाच्या खर्चाइतक्याच ठामपणे धरा, आणि तिचं नाव भिंतीवर इतरांच्या नावांपेक्षा वेगळं, आराखडाकार म्हणून लिहा. बाकी सगळ्यांची नावं एका कोपऱ्यात, समान आकारात, अकारविल्हे.

वर संरक्षक थर द्यायचा का? चकचकीत वार्निश मी टाळतो. ते काही वर्षांनी पिवळं पडतं किंवा ढगाळतं आणि त्याच्यावर नवा रंग बसत नाही. भिंतीवर कुणी काही खरडेल अशी भीती असेल तर मॅट, काढता येणारा थर निवडा. तो खरडलेल्यासकट धुऊन निघतो आणि पुन्हा देता येतो. त्याआधी चित्र पूर्ण सुकू द्या, दोन-तीन आठवडे तरी. कुणी खरडलंच तर एक-दोन दिवसांत दुरुस्त करा. दुर्लक्षित राहिलेल्या एका खरडीशेजारी दुसरी यायला वेळ लागत नाही.

त्यासाठी काम संपतानाच एक वही करा. प्रत्येक क्रमांकाचा रंग, कंपनीचा छटा क्रमांक, मिसळण्याचं प्रमाण, आणि पानावरच त्या रंगाचा सुकलेला ठिपका. प्रत्येक रंगाची छोटी, घट्ट झाकणाची बाटली भरून ठेवा, आणि ती वही आणि बाटल्या नेमक्या कुणाच्या घरी आहेत ते दोन माणसांना माहीत असू द्या. वर्षातून एकदा मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने भिंत धुवा, धुताना तडे आणि फुगे बघा, तडा दिसला की भरून त्याच आठवड्यात रंगवा. पाण्याच्या फवाऱ्याचं मशीन लांबूनच, कमी दाबावर वापरा. जवळून मारलं तर तेच पोपडे काढतं.